शर्ट मेला नाही, नागपुरात आहे

या सदराकडे एरवी पैठणीवरचे डाग आणि जीन्सचा सुटणारा रंग यांची पत्रं येतात. या महिन्यात मात्र बहुतेक पत्रांचा विषय एकच, तापलं की रंग बदलणारे कपडे. हे वारं कुठून आलं कोण जाणे. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये २८ वर्षं काढताना अशा कापडाशी माझी गाठ पडली होती आणि त्याने मला चांगलंच तोंडघशी पाडलं होतं. तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क मला आहे, असं समजते.

प्रश्न : काकू, माझ्या बारा वर्षांच्या मुलासाठी फेब्रुवारीत ऑनलाइन एक टी-शर्ट मागवला. हिरवा. हात दाबून धरला की पिवळा पंजा उमटायचा आणि थोड्या वेळाने आपोआप पुसला जायचा. पोराने वर्गातल्या सगळ्यांकडून पाठीवर धपाटे खाऊन घेतले! एप्रिल उजाडला आणि शर्ट नुसताच पिवळा झाला. हिरवा होतच नाही. सासूबाई म्हणतात, कच्चा रंग, धुण्यात गेला. मी तर थंड पाण्यातच धुतला. परत करायची मुदत संपली आहे. फेकून देऊ का?
– एक आई, नागपूर

उत्तर : फेकू नका. आधी फ्रीज उघडा.

कोरडा शर्ट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर हिरवागार दिसला, तर शर्टाला काहीही झालेलं नाही. तो नागपुरात आहे, एवढीच त्याची अडचण. फ्रीजमधूनही पिवळाच निघाला तर मात्र गेला. माझी पैज पहिल्यावर आहे. कच्चा रंग दर धुण्याला थोडा थोडा फिका होत जातो, तो एप्रिल महिना बघून संपावर जात नाही. सासूबाईंना हे माझं नाव न घेता सांगा.

आता त्या हिरव्याच्या पोटात काय असतं ते सांगते. कापड आधी साध्या, कायमच्या पिवळ्यात रंगवलेलं असतं. त्यावर निळ्याचा थर असतो, आणि नखरे काय ते या निळ्याचे. दोन्ही मिळून हिरवं दिसतं, निळा गेला की खालचा पिवळा उरतो. या निळ्या थरात डोळ्याला न दिसणाऱ्या, काही हजारांश मिलिमीटरच्या बंद कुप्या असतात. प्रत्येक कुपीत तिघं कोंडलेले असतात : एक रंगद्रव्य, एक सौम्य आम्ल आणि मेणासारखा एक स्निग्ध पदार्थ. रंगद्रव्य एकटं असताना बिनरंगाचं असतं, आम्लाची सोबत मिळाली की निळं होतं. मेण गोठलेलं असेतोवर ही जोडी टिकते. मेण वितळलं की ते आम्लाला आपल्याकडे ओढून घेतं, जोडी फुटते आणि निळा मावळतो. थंडीत तुमच्याकडे खोबरेलाची बाटली गोठते, उन्हात ठेवली की तेल पुन्हा पातळ होतं, तशातलाच हा प्रकार. खोबरेल २४-२५ अंशांच्या आसपास वितळतं. शर्टातलं मेण ३१ अंशांच्या आसपास वितळेल असं मुद्दाम निवडलेलं असतं.

३१ अशासाठी, की माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३२-३३ अंश असतं. घरातली हवा २०-२२ अंश असते अशा मुलखासाठी हा आकडा चपखल आहे. शर्ट एरवी गार असतो, त्यावर हात ठेवला की तेवढीच जागा तापते. फेब्रुवारीच्या सकाळी नागपुरातही ते जमतं. एप्रिलच्या दुपारी बाहेर ४२ आणि कपाटात ३५ असताना त्या शर्टाला तुमच्या लेकाचा हात गरम लागणार कसा?

आणखी एक खोच आहे. असा रंग ज्या तापमानाला जातो, त्याच तापमानाला परत येत नाही. यायला त्याहून काही अंश खाली उतरावं लागतं. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे जपानच्या पायलट कंपनीचं फ्रिक्सिऑन पेन. त्याच्या टोकाच्या रबराने घासलं की शाई पुसली जात नाही, घर्षणाने तापून ६० अंशांच्या पुढे अदृश्य होते आणि परत यायला तिला शून्याच्या बरंच खाली जावं लागतं. पेनाला ते सोयीचंच आहे, एकदा खोडलेलं परत कशाला हवं? शर्टात हे अंतर मुद्दाम लहान ठेवतात, तरी ते असतंच. म्हणून उन्हाळ्यात रात्री हवा थोडी उतरली तरी तुमचा शर्ट हिरवा होत नाही.

तोवर पोराला सांगा, उन्हाळ्यात शर्ट उलटा चालतो. फ्रीजच्या पाण्याने भरलेला स्टीलचा पेला पिवळ्या छातीवर मिनिटभर टेकवून धरला की हिरवं वर्तुळ उमटेल. खेळ संपला की घडी घालून कपाटाच्या आत, अंधारात ठेवा आणि नोव्हेंबरात बाहेर काढा.

प्रश्न : नमस्कार. १९९१ साली मी अमेरिकेत शिकायला आलो, तेव्हा कॉलेजात सगळीकडे ‘हायपरकलर’ टी-शर्टांची धूम होती. मीही हौसेने जांभळा घेतला, तो गुलाबी व्हायचा. सुट्टीत सांगलीला गेलो तर आईने तो बंबातल्या कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवला. तेव्हापासून त्याचा रंग भिजलेल्या रद्दीसारखा झाला आहे आणि बदलत नाही. अजून ट्रंकेत आहे. तो जिवंत करता येईल का? आणि ते शर्ट एकाएकी गेले कुठे?
– एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : जिवंत होणार नाही. फ्रीजची परीक्षा तुम्हीही घ्या, पण आशा धरू नका. त्या कुप्यांना उकळतं पाणी, इस्त्री, ब्लीच आणि कपडे सुकवायचं गरम यंत्र यांचं वावडं. कुपीची भिंत एकदा फुटली की आतलं मेण पाझरून जातं आणि रंगद्रव्य-आम्लाच्या जोडीला जुळवणारं नि तोडणारं कुणी उरत नाही. तुमच्या शर्टात अर्ध्या कुप्या फुटल्या, बाकीच्या अर्धवट रंगात अडकल्या. रद्दीचा रंग आला तो त्यातून. आईंना मात्र बोल लावू नका. अमेरिकेतल्या हजारो आयांनी हेच केलं, तेही वॉशिंग मशीनचं बटण दाबून.

ते शर्ट सिएटलच्या जनेरा कंपनीचे. रंग जपानच्या मात्सुई कंपनीचा. १९९१च्या फेब्रुवारी ते मे या काळात सुमारे ४० लाख कपडे आणि ५ कोटी डॉलरचा धंदा झाला. मागणी इतकी, की माल पुरवताना कंपनीची दमछाक झाली. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोकांचं मन भरलं हे एक कारण. धुण्यात शर्ट मरत होते हे दुसरं. तिसरं कारण कुणी जाहिरातीत छापत नाही, पण तुम्ही कॉलेजात होतात म्हणजे तुम्हाला आठवत असेल : शर्टाचा रंग सगळ्यात आधी बदलायचा काखेत. शिवाय मित्रमंडळी कुठे हात ठेवतील त्याचा नेम नसायचा, आणि तो हात मिनिटभर सगळ्या वर्गाला दिसायचा.

प्रश्न : काकू, मी पुण्यात फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोव्हेंबरात आमचं प्रदर्शन आहे. खादीचा अनारकली कुडता करून त्यावर रंग बदलणाऱ्या पिगमेंटने स्क्रीन प्रिंट करायचं ठरवलंय. वेबसाइटवर १५, २२, ३१, ४५ असे अंशांचे आकडे दिसतात, त्यातला कुठला घेऊ? मशीनने पेस्ट घोटली तर चालेल का? धाग्यात तार घालून मोबाइलवरून रंग बदलता येतो असंही वाचलं. ते जमेल का? मार्गदर्शन करा ना.
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आकडा निवडताना अंगाचा विचार सगळेच करतात, तू आधी खोलीचा कर. पुण्यात नोव्हेंबरात, पंख्याखालच्या हॉलमध्ये ३१ चालेल. पण बल्बचे पिवळे स्पॉटलाइट कुडत्यावर लावलेस तर प्रदर्शन सुरू व्हायच्या आधीच तुझं प्रिंट मावळलेलं असेल. एलईडी माग. २२ घेशील तर परीक्षकांना फक्त कोरं कापड दिसेल. ४५ला अंगाची ऊब पुरणार नाही. ऊन पुरेल, पण उन्हाची गोष्ट पुढे सांगते.

कापड : खादी नको. जाड कापड तापायला आणि निवायला वेळ लावतं, शिवाय खादीच्या लवेतून प्रिंट ठिपक्याठिपक्याचं येतं. केंब्रिक किंवा मलमल घे, पांढरं किंवा फिकट. कुप्या कापडाला स्वतःहून धरत नाहीत, त्यांना बाइंडर चिकटवून ठेवतो, त्यामुळे सुती-पॉलिएस्टरचा फार फरक पडत नाही. साध्या पिगमेंटचे १०० ग्रॅम पेस्टला दोन-चार ग्रॅम पुरतात. हे पिगमेंट १५-२० ग्रॅम घालावं लागतं, तरी रंग अंमळ मलूल दिसतो. खाली दुसरा साधा रंग द्यायचा असेल तर गुलाबी दे आणि वर निळा घे. जांभळ्यातून गुलाबी आणि पुन्हा जांभळा, दोन्ही वेळा छान दिसतं. पुष्कळ जण पहिला रंग विचार करून निवडतात आणि खालचा उरेल तो उरेल म्हणून सोडतात.

पेस्ट मशीनने घोटू नकोस. जोरात फिरणारं पातं कुप्या फोडतं. लाकडी पट्टीने, हाताने, शेवटी मिसळायची. थिनर, अॅसिटोन, स्पिरिट यांना जवळ फिरकू देऊ नकोस. हे मी कुठे शिकले ते ऐक. आमच्याकडे एका निर्यातदाराने मुलांच्या रुमालांचे नमुने काढायला दिले होते. जपानहून आलेली पेस्ट, सोबत कागदावर चार ओळी सूचना. स्क्रीन ओढली, निळे मासे सुरेख उमटले. मग कापड क्युरिंगच्या, म्हणजे प्रिंट पक्कं करायच्या, ओव्हनमध्ये सोडलं. पलीकडून बाहेर आलं ते कोरं. पांढरंशुभ्र, एक मासा नाही. सुपरवायझर ओरडला, मी वजनाच्या नोंदी बघायला धावले, हेल्परने टेबल आवरायला घेतलं. तेवढ्यात पंख्याच्या बाजूच्या कडेला एक शेपटी दिसू लागली. मग कल्ला, मग डोळा. कडेकडून मध्याकडे कापड निवत गेलं तसे एकेक मासे पाण्यातून वर यावेत तसे वर आले. सगळे तिथेच गप्प उभे. ओव्हनमधून निघालेलं कापड गरम असणार आणि गरम असताना रंग दिसणारच नाही, एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती, त्यात मीही आले.

तोंडघशी पडले ते दोन दिवसांनी. स्क्रीन साफ करणाऱ्या मुलाच्या हातातून थिनरचे शिंतोडे चार रुमालांवर उडाले. वाळल्यावर काही दिसेना, म्हणून मी ते नमुन्यांत पाठवायला लावले. साहेबांसमोर रुमाल फ्रीजमधून काढल्यावर माशांच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे पांढरे ठिपके. ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

आता उन्हाची गोष्ट. एका तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून मी तो लॅबच्या गच्चीवर आठ दिवस टाकला. रंगाची उन्हातली ताकद बघायची ही आमची जुनी, बिनखर्चाची पद्धत. साध्या पिगमेंटच्या तुकड्यात आठ दिवसांनी झाकलेला आणि उघडा भाग वेगळा ओळखता येत नाही. यात मात्र झाकलेला भाग रंग बदलत होता आणि उघडा जवळजवळ संपला होता. म्हणजे उन्हात गेल्यावर बदलेल असा ४५चा शर्ट करता येतो, पण ते ऊनच त्याला मारतं. तू कुडता शिवून झाल्यावर खिडकीत टांगून ठेवू नकोस, एवढं तरी कर.

खरी मेहनत कात्रीत आहे. प्रिंट कुठे बदलेल हे तुझं चित्र ठरवणार नाही, कापड अंगाला कुठे टेकतं ते ठरवणार. अनारकलीचा वरचा भाग अंगाबरोबर असतो. खांदे, पाठ आणि छाती इथला रंग घातल्या घातल्या जाईल आणि तसाच राहील. घेर मोकळा असतो, त्याचा रंग टिकेल. हे तुला हवं असेल तर ठीक. नको असेल तर वरच्या भागाला साधं कापड लाव आणि प्रिंट बाह्यांच्या टोकांना, घेराच्या कडेला आणि ओढणीवर घे, जिथे हात लागतात आणि सुटतात. काखेची पट्टी काहीही झालं तरी साध्या कापडाची. या बाबतीत थंड मुलखातल्या लोकांनी डोकं चालवलं होतं. इटलीत मास्सिमो ओस्ती यांनी १९८०च्या दशकात स्टोन आयलंड या कपड्यांच्या ब्रँडसाठी ‘आइस जॅकेट’ केलं. अंगाची ऊब वगैरे त्यांनी विचारात घेतलीच नाही. जॅकेट बाहेरच्या थंडीत एक रंग दाखवायचं आणि आत आलं की दुसरा. त्यांच्याकडे दाराच्या आत आणि बाहेर वीसेक अंशांचा फरक असतो. आपल्याकडे तसा फरक हवा असेल तर एसी ऑफिसचं दार गाठावं लागतं. मे महिन्यातल्या मुंबईत लोकल आणि ऑफिस यांच्यात रंग बदलणारा दुपट्टा, हा विषय मी तुला फुकट देते. त्याला ३१चंच पिगमेंट चालेल.

तारेच्या धाग्याचं म्हणशील, तर २०१८ साली अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाने तसं कापड दाखवलं होतं. धाग्याच्या पोटात बारीक धातूची तार, भोवती पिगमेंट. मोबाइलवरून वीज सोडली की तार किंचित तापते आणि रंग बदलतो. तापवणं सोपं आहे. पण रंग परत आणायला कापड निवावं लागतं आणि ते काम हवेचं आहे, मोबाइलचं नाही. पुण्याच्या हवेला तेवढी घाई नसते. तुझ्याकडे नोव्हेंबरपर्यंतचा वेळ आहे, तो हात-छाप ओढणीतच घाल.

दोन नमुने मलाही पाठव. मी फ्रीजमध्ये ठेवून बघेन.

प्रश्न : ताई, ताप आला की रंग बदलणारं बाळाचं झबलं मिळतं म्हणे. नातवासाठी परदेशातून मागवावं असं सुनेच्या मनात आहे. उपयोग होतो का?
– एक आजी, चिपळूण

उत्तर : मागवू नका. झबल्याला बाळाचा ताप कळत नाही, झबल्याचं तापमान कळतं. दुलईत गुंडाळलेलं धडधाकट बाळ झबल्याचा रंग घालवेल आणि पंख्याखाली तापाने फणफणलेलं बाळ तसाच ठेवेल. काखेत थर्मामीटर लावा. दुसरं असं, की या रंगांच्या कुपीतलं आम्ल म्हणून वर्षानुवर्षं बिस्फेनॉल ए हे शरीराला अपायकारक मानलं जाणारं रसायन वापरलं गेलं. एटीएमची पावती आणि एसटीचं मशीनमधून निघणारं तिकीट यांच्या कागदातही हीच मंडळी असतात, फक्त तिथे उष्णतेने जोडी जुळते आणि अक्षर काळं होतं. आता काही कारखाने दुसरं आम्ल वापरतात, पण लेबलावर तसं लिहिलेलं क्वचितच सापडतं. बाळ गळा नि बाही चोखत बसतं, तेव्हा साधं धुतलेलं मलमलचं झबलं बरं.

प्रश्न : येवल्याला लेकीच्या लग्नासाठी धूपछाँव पैठणी घेतली. दुकानदार म्हणाले, उन्हात एक रंग, सावलीत दुसरा. हीसुद्धा तापमानाची जादू का? मग इस्त्री करायची की नाही? घाबरून घडीच मोडलेली नाही.
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : घडी मोडा. ही जादू तापमानाची नाही, मागावरची आहे. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. साडी हलली की कधी हे जास्त दिसतात, कधी ते. पदराच्या टोकाला सुटलेले धागे बघा, ते सगळे उभ्याचे, एकाच रंगाचे असतील. आता साडी काठाशी तिरपी धरा, दुसरा रंग डोकावेल तो आडव्याचा. फ्रीजमध्ये ठेवून काही होणार नाही, उगीच ओल धरेल. इस्त्री उलट बाजूने, वर सुती कापड टाकून, सिल्कच्या खुणेवर. जरीवर दाब देऊ नका.